अमेरिकेतला हरणांच्या शिकारीचा हंगाम आणि आपला हरभरा



गेल्या पंधरा दिवसांत एकच व्हिडिओ मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांतून आला. अमेरिकेतील टेक्सास राज्यात हेलिकॉप्टरमधून रानडुकरांच्या कळपावर गोळ्या झाडल्या जात आहेत आणि खाली मराठीत लिहिले आहे, "आपल्याकडे हे कधी?" पाठवणाऱ्यांचा राग मला समजतो. हरभऱ्याचे कोंब आता कुठे वर आले आहेत. सकाळी धुऱ्यावर उभे राहिले की ओळीच्या ओळी उकरलेल्या दिसतात. डुक्कर दाणा हुंगत सरळ ओळीने जाते, एकही सोडत नाही. तूर शेंगा भरण्यावर आहे, तिथे रोह्यांचा कळप. अशा वेळी तो व्हिडिओ बघून कोणालाही वाटेल, यांचे बरे आहे.

पण त्या व्हिडिओवरून अमेरिकेतील शेतकरी आणि शिकारी यांचा संबंध कळत नाही. तो समजून घ्यायला हा आठवडा योग्य आहे. येत्या शनिवारी, २२ नोव्हेंबर २०२५ रोजी, विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. दुसरीकडे मंगळवारी, १८ नोव्हेंबरला, आपल्या केंद्र सरकारने वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विमा योजनेत घेण्याची घोषणा केली. दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या तर बरेच काही शिकता येते.

विस्कॉन्सिनच का, तर माझा कृषी महाविद्यालयातला एक वर्गमित्र तिथे बियाणे क्षेत्रात काम करतो आणि दर नोव्हेंबरला मला नारिंगी कपडे घातलेल्या शेजाऱ्यांचे फोटो पाठवतो. शिवाय ते राज्य दुधाचे, मक्याचे, सोयाबीनचे आणि लसूणघासाचे आहे. म्हणजे शेती आपल्या ओळखीची आहे, फक्त धुऱ्यापलीकडे रोह्यांऐवजी पांढऱ्या शेपटीची हरणे असतात. त्यांची संख्या पंधरा लाखांहून जास्त आहे.

तयारी उन्हाळ्यातच सुरू होते

आपण पेरणीची तयारी जशी मे महिन्यात करतो तसे तिथले शिकारी जुलै-ऑगस्टपासून कामाला लागतात. शेताच्या कडेला, ओढ्याच्या वाटेवर, झाडांना ट्रेल कॅमेरे बांधतात. समोरून जनावर गेले की कॅमेरा आपोआप फोटो काढतो, वेळ नोंदवतो. कोणत्या वाटेने किती हरणे येतात, नर किती, माद्या किती, पाडसे किती, हे हंगामाआधीच कळते. झाडावर बसण्याचे माळे तपासले जातात, कारण तिथे शिकारीत होणाऱ्या दुखापतींत माळ्यावरून पडणे हे मोठे कारण आहे. त्यामुळे दोर आणि पट्टे दरवर्षी बदलायचे, असे शिकवले जाते. बंदुकीची नेमबाजी तपासायची, शीतपेटी साफ करायची, सुऱ्या पाजवायच्या. सप्टेंबरपासून धनुष्यबाणाचा हंगाम चालू असतो, पण घरातले सगळे जमतात ते या नऊ दिवसांसाठी. मुले शाळेला दांडी मारतात, गावातली हॉटेले भरतात. आपल्याकडे पोळ्याला किंवा गावच्या जत्रेला जशी लगबग असते, तशीच ही.

कपड्यांचाही नियम आहे. बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वर घातलेल्या बाहेरच्या कपड्यांपैकी किमान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असला पाहिजे. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला लांबून दिसतो. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्याला शिकार सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय साधारणपणे परवाना मिळत नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बंदूक चालवता येते, त्याआधी नाही. मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे करावी लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे शेतकऱ्याकडे जाऊन परवानगी मागणे. दुसऱ्याच्या शेतात विचारल्याशिवाय पाय ठेवला तर दंड होतो. म्हणून अनुभवी शिकारी उन्हाळ्यातच शेतकऱ्याला भेटतो, गवत कापायला किंवा कुंपण दुरुस्तीला हात लावतो, आणि नोव्हेंबरमध्ये कुठे बसायचे ते ठरवून घेतो. शेतकऱ्याचीही अट असते. माझा मित्र सांगतो की त्याच्या शेजारचा मका उत्पादक सरळ म्हणतो, "आधी मादी मारा, मग शिंगाळा नर."

ही अट वरवर विचित्र वाटते, पण पीकसंरक्षणाचे सगळे गणित तिच्यात आहे.

नर मारून संख्या कमी होत नाही

शिकाऱ्याला हवा असतो मोठ्या शिंगांचा नर. फोटो त्याचाच काढतात, भिंतीवर शिंगे त्याचीच लागतात. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो. शंभरातले चाळीस नर मारले तरी पुढच्या वर्षी पाडसे जवळपास तेवढीच होतात. संख्या घटते ती माद्या काढल्या तर. तुम्ही गोठ्यातल्या जनावरांचा हिशोब करता, तुम्हाला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून विस्कॉन्सिनमध्ये नराचा परवाना आणि शिंगे नसलेल्या हरणांचा, म्हणजे माद्या व पाडसांचा परवाना वेगळा ठेवला आहे. दर वर्षी कोणत्या जिल्ह्यात किती माद्या काढायच्या याचा कोटा ठरतो. कोटा ठरवताना जिल्हानिहाय समित्या शिफारस करतात. त्यांत शिकाऱ्यांबरोबर शेती, वनीकरण, पर्यटन, वाहतूक अशा क्षेत्रांचे प्रतिनिधी बसतात. वाहतूक का, तर मोटारींसमोर हरणे येऊन होणारे अपघात तिथे खूप आहेत. समितीपुढे मागच्या वर्षीची शिकारीची नोंद असते, पीक नुकसानीचे आकडे असतात, आणि मग भांडणे होतात. शिकाऱ्यांना हरणे जास्त हवी असतात, शेतकऱ्यांना कमी.

मागे राज्याने काही भागांत "आधी मादी, मगच नर" असा नियमच केला होता. माद्या मोठ्या प्रमाणात निघाल्या, पण शिकारी इतके चिडले की २०११ मध्ये कायदा करून तो नियम काढून टाकावा लागला. यातून आपण एवढे लक्षात ठेवावे की शिकारी हा शेतकऱ्याचा मित्र असतो तो त्याच्या हौशीपुरता. त्याला पुढच्या वर्षीही जनावर हवे असते. तुम्हाला नको असते.

पैसा कुठून येतो

स्थानिक रहिवाशाला बंदुकीने हरीण मारण्याचा परवाना २४ डॉलरला मिळतो, म्हणजे आपले साधारण २,१०० रुपये. असे परवाने पाच लाखांहून जास्त लोक घेतात. नऊ दिवसांत पावणेदोन ते दोन लाखांच्या आसपास हरणे मारली जातात. शिवाय १९३७ पासून देशभर एक कायदा आहे. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर उत्पादकाकडूनच ११ टक्के कर घेतला जातो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीव आणि अधिवासाच्या कामासाठी वाटला जातो. वाटपात राज्याचे क्षेत्रफळ आणि परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या दोन्ही धरतात.

आता आपल्या कामाचा भाग. विस्कॉन्सिनमध्ये वन्यप्राण्यांनी पिकाचे नुकसान केले तर भरपाई मिळते, आणि तो निधी प्रामुख्याने शिकारीच्या परवान्यांवरील अधिभारातून येतो. हरीण, अस्वल, रानटी टर्की, हंस यांचे नुकसान त्यात धरतात. पण भरपाई सरसकट नाही. नुकसान पहिल्यांदा दिसल्यापासून १४ दिवसांत जिल्ह्याला कळवावे लागते. तज्ज्ञ येऊन उपाय सुचवतो, कुंपण, आवाज, पिकाचा बदल, हंगामाबाहेर जनावर मारण्याचा विशेष परवाना, आणि ते उपाय शेतकऱ्याने करावे लागतात. पहिले ५०० डॉलर शेतकऱ्याने सोसायचे. वर्षाला कमाल १०,००० डॉलर, म्हणजे साधारण पावणेनऊ लाख रुपये. आणि मुख्य अट अशी की भरपाई हवी असेल तर त्या शेतात शिकाऱ्यांना प्रवेश द्यावा लागतो. शिकारीला बंदी ठेवायची आणि हरणांनी मका खाल्ला म्हणून पैसे मागायचे, हे चालत नाही.

मला ही अट आवडते. प्राणी कमी करायला ज्याने हात लावला त्यालाच मदत. आपल्याकडे शिकार हा मार्ग नाही, पण "उपाय केले का" हा प्रश्न आपल्या पंचनाम्यातही विचारायला हरकत नाही. विचारायचा तर आधी उपायांना वेळेवर अनुदान मिळाले पाहिजे, हेही तितकेच खरे.

एक छोटा मुद्दा जाता जाता. तिथे रानटी हरणाचे मांस विकता येत नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी शिकार करून त्यांनी रानगवे आणि प्रवासी कबुतरे जवळजवळ संपवली, कबुतरे तर कायमची गेली. त्यानंतर शहाणपण आले. शिकारी मांस घरी नेतो किंवा गरजूंच्या अन्नपेढीला देतो. जिथे मांसाला दर मिळतो तिथे कोटा टिकत नाही.

२००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत एक मेंदूचा रोग सापडला. जनावर खंगत जाऊन मरते आणि त्यावर इलाज नाही. तेव्हापासून बाधित जिल्ह्यांत मक्याचे ढीग टाकून हरणे गोळा करायला बंदी आहे, कारण एका ढिगावर तोंडे लागली की रोग पसरतो. शिकारी आता हरणाच्या डोक्याचे नमुने तपासायला देतात. सरकारला पगार न देता लाखो नमुने घेणारी माणसे मिळाली, असेही म्हणता येईल.

डुकरांपुढे हीच पद्धत हरली

आता त्या हेलिकॉप्टरकडे येऊ. अमेरिकेतली रानटी डुकरे मूळची तिथली नाहीत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरे सुटली, पुढे शिकारीसाठी युरोपातली रानडुकरे आणून सोडली, आणि दोन्हींची संकरित प्रजा झाली. टेक्सासमध्ये ती सर्वांत जास्त आहेत. तिथे २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून शिकारीसाठी लोकांना पैसे घेऊन नेण्याची परवानगी दिली. २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला परवानाही लागत नाही. हंगामाची मर्यादा नाही, संख्येची नाही, रात्रीही मारता येते. इतकी मोकळीक देऊनही डुकरे संपलेली नाहीत.

कारण जीवशास्त्रात आहे. हरणीला वर्षाला एक-दोन पाडसे होतात. डुकराची मादी वर्षाची व्हायच्या आत वयात येऊ शकते आणि एका वेळेस चार-सहा किंवा जास्त पिल्ले देते. दरवर्षी एकूण संख्येच्या साधारण दोन तृतीयांश जनावरे काढली तरच ती घटू लागते, असा तिकडच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. हौशी शिकारी कळपातली दोन-तीन मारतो. उरलेली पांगतात, रात्रीची होतात, माणसाचा वास ओळखायला शिकतात, आणि जी शिवारे आतापर्यंत सुटली होती तिथे जाऊन बसतात.

टेनेसी राज्याने १९९९ मध्ये डुकरांचा शिकारीचा हंगाम राज्यभर खुला केला. हेतू संख्या कमी करण्याचा होता. झाले उलटे. आपल्या भागातही शिकार मिळावी म्हणून लोकांनी डुकरे पकडून नव्या जागी नेऊन सोडली. जी काही भागांपुरती होती ती राज्यभर दिसू लागली. २०११ मध्ये राज्याने धोरण फिरवले आणि हौशी शिकार बंद करून नियंत्रण जमीनमालकांकडे आणि सरकारी यंत्रणेकडे दिले. मिसूरी राज्याच्या संवर्धन विभागाने २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीला बंदीच घातली. शेतकऱ्यांच्या बाजूने घातलेली ही बंदी आहे, हे लक्षात घ्या. विभाग कळपाला आधी आठ-पंधरा दिवस मका टाकून एका मोठ्या गोल जाळीच्या कुंपणात यायची सवय लावतो. कॅमेऱ्यावर सगळा कळप आत आल्याचे दिसले की मगच दार पाडतो. माद्या, पिल्ले, सगळी एकदम. मध्येच कोणी शिकारी येऊन बंदूक वाजवली की पंधरा दिवसांची मेहनत वाया जाते, म्हणून बंदी.

म्हणजे ज्या देशात बंदुकांना तोटा नाही, शिकारी कोट्यवधी आहेत, तिथेही डुकरासाठी बंदूक हा मुख्य उपाय राहिलेला नाही.

आपला कायदा आणि आपली अडचण

आपली रानडुकरे बाहेरून आलेली नाहीत, इथलीच आहेत. ताडोबा, पेंच, मेळघाटच्या आसपास ती वाघ-बिबट्यांचे खाद्य आहेत. ती सरसकट संपवली तर वाघ तुमच्या गोठ्याकडे वळेल, हा धोका विदर्भातल्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, रानडुक्कर आणि नीलगाय (आपली रोही) अनुसूची दोनमध्ये आहेत. कलम ११ नुसार अशा प्राण्याने माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका निर्माण केला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारण नोंदवून पारधीची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरांसाठी हे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत ग्रामपंचायत अध्यक्षांनाच असा अधिकार दिला. कलम ६२ खाली केंद्र सरकार ठरावीक क्षेत्र आणि काळासाठी प्राण्याला उपद्रवी घोषित करू शकते. बिहारमध्ये नीलगाय व रानडुकरांसाठी आणि उत्तराखंडमध्ये रानडुकरांसाठी २०१५-१६ मध्ये तसे झाले होते.

कागदावर वाट आहे. पण बंदूक कोणाकडे आहे? सिंधुदुर्ग-रत्नागिरीत काही घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत, त्याही निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होतात. विदर्भ-मराठवाड्यात बहुतेक गावांत तेवढ्याही नाहीत. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने रीतसर अर्ज केला होता. परवाना हातात पडला तेव्हा हरभऱ्याची सोंगणी होऊन गेली होती, आणि बंदूकवाला शेवटपर्यंत मिळाला नाही. विस्कॉन्सिनमध्ये शेताच्या दारात पाच लाख प्रशिक्षित माणसे उभी असतात म्हणून ती पद्धत चालते. आपण फक्त परवाना उचलला आणि मागची यंत्रणा नाही उचलली, तर हातात कागदच राहतो.

आणखी एक इशारा. मिसूरीचा जाळीचा सापळा वाचून कोणी स्वतः करायला जाऊ नका. आपल्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणे नाही. पकडणे, सापळा लावणे, तसा प्रयत्न करणे हे सगळे शिकारीतच मोडते. फासे, गावठी बॉम्ब आणि विष यांनी रानडुकरापेक्षा गावची गुरे, कुत्री आणि माणसेच जास्त जायबंदी होतात. मात्र सगळा कळप एकदम पकडण्याची ही पद्धत वन विभागाने आपल्या भागात करून पाहावी, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावातून नक्की करता येईल. माझ्या मते गावोगावी शूटर द्या म्हणण्यापेक्षा ही मागणी जास्त फायद्याची आहे.

विम्याची घोषणा: कधीपासून आणि कशी

मंगळवारची घोषणा अशी आहे. खरीप २०२६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान स्थानिक जोखमीखाली पाचवे अतिरिक्त संरक्षण म्हणून येईल. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे किंवा विमा घटक, हे राज्य सरकारने जुन्या नुकसानीच्या आकडेवारीवरून ठरवायचे आहे. शेतकऱ्याने ७२ तासांत पीक विमा ॲपवर स्थान-नोंद असलेल्या फोटोंसह माहिती द्यायची आहे.

या रब्बीतल्या हरभऱ्याला याचा उपयोग नाही, गैरसमज नको. पण वरचे वाक्य पुन्हा वाचा. जिल्हे आणि घटक जुन्या आकडेवारीवरून ठरणार आहेत. ज्या गावात दरवर्षी डुकरे पडतात पण एकही अर्ज नाही, ते गाव सरकारी कागदावर सुरक्षित गाव असते. मी विस्तार कार्यात वीस वर्षे होत आली, आणि पन्नास शेतकऱ्यांचे नुकसान झाले तर अर्ज पाच-सहा जण करतात हे नेहमी पाहतो. "तीन हजारांसाठी कोण खेटे घालणार" हे कारण खरेही आहे. तरी या रब्बीत अर्ज करा. वन विभागाची नुकसानभरपाई आजही लागू आहे. घटना घडल्यापासून तीन दिवसांत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी लागते, त्यानंतर पंचनामा होतो. पैसे थोडे आले तरी नोंद राहते, आणि पुढच्या वर्षी तुमचे गाव विम्याच्या यादीत येते की नाही यात त्या नोंदीला वजन असेल. कृषी सहायक मित्रांनी गावातले सगळे अर्ज एकत्र गोळा करून पोच घेऊन ठेवली तर शेतकऱ्याचे खेटे वाचतील.

फोटो कसे काढायचे? मोबाइलचे लोकेशन चालू करा. एक फोटो लांबून, ज्यात शेताची ओळख पटेल असे झाड, विहीर किंवा विजेचा खांब येईल. एक जवळून, उकरलेल्या ओळीचा. एक पावलांच्या ठशाचा, शेजारी काडेपेटी ठेवून. डुक्कर दाणा व मुळे उकरते. रोही शेंडे खुडते आणि तुडवते, ठसा मोठा आणि लांबट असतो, ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग पडतात. नुकसान किती हे अंदाजाने सांगू नका. शेतात पाच-सहा ठिकाणी एक मीटर बाय एक मीटर चौकट आखा, वाचलेली झाडे मोजा, न उकरलेल्या भागातल्या चौकटीशी तुलना करा आणि वहीत तारखेसह लिहा. पंचनाम्याला आलेल्या अधिकाऱ्यालाही ते सोयीचे पडते.

या आठवड्यात शेतात

ट्रेल कॅमेरा आपल्याला महाग पडेल, पण त्यामागची गोष्ट फुकट आहे: प्राणी आत कुठून येतो ते आधी शोधा. सकाळी धुऱ्याने एक फेरी मारली की नाला, काटेरी झुडपे किंवा पडीक यांच्या बाजूने दोन-तीन ठरलेल्या वाटा सापडतातच. भोंगे, फटाके, साड्या, न्हाव्याकडचे केस हे सगळे चार-पाच रात्री काम करते, मग जनावर सरावते. वापरायचेच असेल तर फक्त उगवणीच्या आठ-दहा रात्रींसाठी राखून ठेवा आणि जागा बदलत राहा.

खरा भरवसा सौर झटका मशीनचा आहे, तोही नीट बसवले तर. रानडुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून अर्ध्या फुटावर, दुसरी सव्वा-दीड फुटावर. रोही असतील तर वरच्या तारा चार-पाच फुटांपर्यंत न्याव्या लागतात. खालच्या तारेला गवत टेकले की झटका जमिनीत उतरतो, म्हणून तारेखाली हातभर पट्टा स्वच्छ ठेवा. काळी जमीन जानेवारीनंतर भेगाळते आणि अर्थिंग कमजोर होते. अर्थिंगच्या सळईभोवती अधूनमधून पाणी घाला. एकट्याच्या कुंपणाने कळप शेजाऱ्याकडे वळतो आणि भांडणे लागतात. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच वेढा घेतला तर तारही कमी लागते. गाव वनक्षेत्रालगत असेल तर डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे, गावच्या समितीकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा.

घरगुती किंवा पंपाच्या लाईनवरून तारेत थेट करंट सोडू नका. झटका मशीन सेकंदाला साधारण एक क्षणिक धक्का देते, जनावर उडी मारून मागे जाते. थेट करंट सोडत नाही, धरून ठेवतो. दर रब्बीत अशा तारेला चिकटून माणसे मरतात, बऱ्याचदा शेतमालक स्वतः किंवा त्याच्या घरातलेच कोणी, आणि मागे राहिलेल्यांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

शनिवारी विस्कॉन्सिनमध्ये सकाळचे साडेसहा वाजतील तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतील. तुमची जागलीला निघायची वेळ. निघताना बॅटरीबरोबर व्होल्टेज टेस्टर घ्या आणि मशीनजवळ नाही, वेढ्याच्या सर्वांत लांबच्या टोकाला तार तपासा. तिथे चार हजार व्होल्टपेक्षा कमी दाखवत असेल तर गवत, तुटलेला इन्सुलेटर किंवा अर्थिंग यांपैकी काहीतरी बिघडले आहे, ते त्याच रात्री शोधा.